रानातली पाच बिऱ्हाडं

पौष वद्य सप्तमी, शके १८०८. मुक्काम दहिवली

ही वही यांनी आणून दिली. म्हणाले, रोज दोन ओळी लिहीत जा, हात वळेल. मी म्हटलं, भाकरीला वळतो तेवढा पुरे आहे. तर नुसते हसले नि बाहेर गेले. यांचं हे असंच. अर्धं बोलणं पोटात ठेवायचं नि बायकोनं ते ओळखायचं. दहा वर्षं ओळखते आहे, आता कंटाळा आला.

लिहायचंच तर खरं तेच लिहिते. संक्रांत झाली तशी चौक गावच्या घरी सासूबाईंनी मला माजघरात बोलावलं. जवळ बसवलं, हातावर तिळाची वडी ठेवली आणि म्हणाल्या, "पद्मजा, तू समजूतदार आहेस म्हणून तुलाच आधी सांगते. वैशाखात त्याचं दुसरं करायचं. लोधिवलीची मुलगी आहे. अक्षय्य तृतीयेला तिच्या वडिलांना, आबाजींना, बोलावून पक्कं करू. तू मोठी, तुझा मान कुठं जात नाही." दहा वर्षांत मला मूल नाही, यावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलायचं काय त्यात. वडी तेवढी हातात विरघळली.

संध्याकाळी त्यांनी यांच्याजवळ विषय काढला. हे म्हणाले, "आई, रानाचं काम उरकू दे, मग बोलू." बस्स. नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणायला काय दोन अक्षरं लागतात.

आणि वर मला दहिवलीला बरोबर घेऊन आले. सासूबाई म्हणाल्या, ने बाबा, तेवढी तिची हौस होऊ दे. हौस कसली ती मला ठाऊक आहे. कोंबडी कापायच्या आधी तिला दाणे टाकतात.

इथं मालोजी नावाच्या शेतकऱ्याच्या घराच्या दोन खोल्या घेतल्या आहेत. त्याची बायको इंदूबाई पाणी-दूध बघते. बाई बोलायला फटकळ आहे, माझं जमेल.

पौष वद्य एकादशी

घर आहे की पालापाचोळा, कळत नाही. यांचं काम जंगलखात्यात. आजवर हद्दीच्या दगडांमागे फिरत, यंदा साहेबांनी नवंच काढलं. कर्जत-खालापुराकडच्या ज्या उतारांना दिवाळीपासून मिरगापर्यंत थेंब मिळत नाही, तिथल्या रानाचे वर्ग पाडून द्यायचे. कुठलं मोठ्या झाडांचं, कुठलं झुडपांचं, कुठलं दोहोंच्या मधलं. चैत्रात साहेब स्वतः बघायला येणार.

म्हणून हे रोज डहाळ्या आणतात. त्या टिपकागदात घालायच्या, वर वजन ठेवायचं, दोन दिवसांनी कागद बदलायचे. वजनाला माझा पाटा गेला, वरवंटा गेला, आज भगर दळायला बसले तर जात्याच्या तळीखाली किंजळीची पानं. मी म्हटलं, उद्या मला झोपवा नि माझ्याखाली ठेवा चार पानं. म्हणाले, "तू एका जागी कुठं राहतेस?" यांना विनोद करायचा असतो तेव्हा चेहरा अगदी गंभीर असतो.

मला नावं शिकवतात. ऐन, किंजळ, बोंडारा, आसाणा. वाळलेल्या कागदावर नाव आणि जागा लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. मी ओळखलं आहे हे कशासाठी ते. पुढं घरात दुसरी आली की मला वेळ घालवायला काहीतरी हवं. सोय करून ठेवताहेत.

माघ शुद्ध चतुर्थी

आज यांच्याबरोबर वरच्या टेपाडावर गेले. गेल्या आठवड्यात यांनी चांभाराकडून माझ्यासाठी वहाणा करून घेतल्या होत्या. बायकांनी वहाणा घालून गावातून जायचं, सासूबाईंनी पाहिलं असतं तर अंथरूणच धरलं असतं. पण काट्यांपुढं लाज टिकत नाही.

टेपाडावर इंदूबाई नि मालोजी ऐनाचा टहाळ काढत होते. मालोजी वर चढून कोयत्यानं फांद्या उतरवी, इंदूबाई खाली भारे बांधी. मला बघून म्हणाली, "वैनी, तुमी हितं कशाला? काटं लागतील."

मी म्हटलं, झाडाचा नुसता खुंट केलात की हो.

"दर सालाला करतो. हा टहाळ वाळवायचा, शेतात पसरायचा, वर शेण नि माती टाकून भाजायचा. त्यो राब. राखंत भाताचं रोप धरतं. राब नाय तर भात नाय, वैनी."

पलीकडे सरकारी हद्दीतला न तोडलेला ऐन उभा होता, चांगला उंच, पंखांची फळं लगडलेला. इकडच्या एकावरही फळ नव्हतं. मी विचारलं, याला कधीच धरत नाही?

"फळाला येळ कुठं देतो आमी त्याला? पर म्हनून काय झालं. दहिवलीतलं एकेक पोर ह्याच्यावरच वाढलंय."

मला खरं म्हणजे झाडाची दया आली. हे मात्र लिहिता लिहिता थांबले नि माझ्याकडे बघत राहिले. काय झालं म्हटलं तर म्हणाले, काही नाही, ऊन लागतंय, पदर घे डोक्यावर.

परत येताना सांगत होते, अडचण हीच आहे. ऐन म्हणजे मोठं झाड. पण इथं तो माझ्या खांद्याएवढा. मग हे रान झाडांचं की झुडपांचं? आणि ऐन तर सगळ्याच उतारांवर आहे. नुसत्या त्याच्यावरून वर्ग कसे पाडायचे? मी म्हटलं, मला काय विचारता. म्हणाले, दुसरं आहे कोण विचारायला.

माघ शुद्ध द्वादशी

आज रानात गेले नाहीत. सकाळीच लाल पगडी काढली, जरीकाठी उपरणं काढलं. मी विचारलं कुठं, तर म्हणाले, लोधिवलीला जाऊन येतो.

पगडीचा पीळ मीच नीट करून दिला.

तिन्हीसांजेला आले. उपरण्याच्या टोकात गुंडाळून एक डहाळी आणली होती, पान एकही नाही, शेंड्याला तांबूस मोहर. कांडोळ म्हणे. वरच्या खडकावर होता, तुला दाखवायला आणला. मुलगी बघायला जायचं आणि बायकोला समजवायला फूल आणायचं. मी ती डहाळी टिपकागदात घातली आणि वर पाटा नि वरवंटा दोन्ही ठेवले. आमटीत मीठ दोनदा पडलं. खाल्ली मुकाट्यानं, ताक जास्त मागितलं.

माघ वद्य नवमी. मुक्काम खोपोली

महादेवाच्या तळ्याजवळ ओळखीच्यांच्या ओसरीवर उतरलो आहोत. बोरघाटाच्या पायथ्याचे उतार बघायचे होते. यांनी मला न्यायचं काही कारण नव्हतं, पण नेलं.

आज मी यांना हसवलं. पायथ्याशी साग होते, एकमेकांना न चिकटता ऐटीत उभे, खाली फारसं काही उगवू न देणारे. मी म्हटलं, हे सावकाराचं बिऱ्हाड, दारात कुणी उभं राहायचं नाही. थोडं वर ऐन, किंजळ, बोंडारा, आसाणा, सगळ्यांवर उक्षीची वेल चढलेली. हे आमच्या काकांचं, कोण कुणाचा कोण ते कळत नाही पण पंगत भरलेली. पुढं नुसती करवंद, तोरण, गेळ. आत शिरायला वाट नाही, लुगडं तीन ठिकाणी फाटलं. हे विहिरीवरच्या बायकांचं. हे खडकावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बरोबरचा शिपाई बघत राहिला.

मग एकदम वरचा उघडा कातळ लागला. तिथं माती अशी नाहीच. एका भेगेतून कांडोळ उभा, पांढराफटक, अंगावर कपडा नसावा तसा. त्याच्या बुडाशी थोराचं, निवडुंगासारखं काटेरी झुडूप. थोडं पुढं गेलं तर पुन्हा तेच, एक कांडोळ, एक थोर. बाकी वाळलेलं गवत. मी वाकून बघितलं, खाली एक रोप नाही. ना कांडोळाचं, ना थोराचं.

यांनी विचारलं, "आणि हे कुणाचं बिऱ्हाड?"

मी म्हटलं, दोघंच तर दिसताहेत. याला बिऱ्हाड कोण म्हणणार. पाणी पिऊन उठू या.

फाल्गुन शुद्ध षष्ठी. दहिवली

चांभार आला होता. यांनी मला ओटीवर बोलावून पाऊल कागदावर ठेवायला लावलं आणि भोवती शिसपेन्सिलीनं रेघ ओढली. त्याला सांगितलं, तळ तिहेरी घाल, बाभळीचा काटा आरपार जाता कामा नये.

माझ्या वहाणा अजून चांगल्या आहेत. आणि दहिवलीला बाभळी कुठल्या? मग कुणासाठी, हे काय सांगायला हवं. नवी मुलगी लोधिवलीची, तिचं माप कोण आणणार, म्हणून माझ्या पायावरून अंदाज. मी चांभाराला म्हटलं, थोड्या लहान कर बाबा, तिचा पाय लहान असेल. त्याला काही कळलं नाही. हे आत गेले होते, ऐकलं नाही.

फाल्गुन शुद्ध पौर्णिमा, होळी

हे परवापासून नाहीत. शिपायाकडून कळलं, आधी लोधिवली, तिथून पेणला. पेणला बस्ता बांधायला गेले असतील.

आज हातून फार वाईट गोष्ट झाली. ती लिहिते.

सकाळी पुरण घातलं, इंदूबाईकडे पाठवलं, आणि सारवणासाठी आतली खोली रिकामी करायला घेतली. सगळे वाळलेले कागद यांनी भिंतीशी गठ्ठे लावून ठेवलेले. ऐनाचे सगळे ऐनात, किंजळीचे किंजळीत, करवंदीचे करवंदीत. महिनाभर बसून लावलेत. मी ऐनाचा गठ्ठा उचलला. खोपोलीचा ऐन, चौकचा ऐन, टेपाडावरचा इंदूबाईचा ऐन, एकावर एक. ज्यांनी कधी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही ते सगळे एकत्र, आणि ज्याच्या अंगाखांद्यावर उक्षी चढायची ती उक्षी तिकडे दुसऱ्या कोपऱ्यात.

मला काय झालं कोण जाणे. आधी रडायला आलं, मग राग आला. घरातून उचलायचं नि जातीच्या ढिगात नेऊन टाकायचं. बायका त्या बायका, ही नाही तर ती. मी खाली बसले आणि सगळे गठ्ठे सोडले. कागदावर जागा माझ्याच हातची लिहिलेली. ज्याला त्याला त्याच्या माणसांत नेऊन बसवलं. सावकार एकीकडे, काकांची पंगत एकीकडे, विहिरीवरच्या बायका एकीकडे. टेपाडावरचा ऐन कुठंच बसेना, तो तिथल्याच गवताशेजारी एकटा ठेवला. कांडोळ नि थोर उरले, ते दोघं एका दोऱ्यात बांधले. इंदूबाई होळीला बोलवायला आली तेव्हा मी घामानं भिजलेली.

ती म्हणाली, "वैनी, ह्यो काय पसारा मांडलाय गं बाय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साहेब चैत्रात येणार आणि मी यांचा सगळा हंगाम उधळून बसले. आता पुन्हा पहिल्यासारखं लावता येणं शक्य नाही, यांचा क्रम मला माहीतच नाही. माझ्यावर दुसरी आणण्यासाठी यांना आता कारणही मिळालं.

फाल्गुन वद्य चतुर्थी

आले. पाय धुतले, आत गेले. मी चुलीपाशीच बसून राहिले. मग हे बाहेर आले, ओटीवर जाऊन बसले. मी चहा नेऊन ठेवला, तो गार झाला. समोरच्या शेतात मालोजीचा राब धुमसत होता, त्याकडे बघत होते. मी म्हटलं, चुकले. वळून बघितलंसुद्धा नाही. मग विचारलं, "सागाच्यात धायटीची डहाळी का नाही ठेवलीस?"

मी म्हटलं, ती तिथं नव्हती, ती वर उघड्यावर, विहिरीवरच्यांत होती.

"बरोबर," म्हणाले.

राग पोटात ठेवला की माणूस असंच तुटक बोलतं. सासूबाईंचंही असंच आहे.

फाल्गुन वद्य दशमी

गेले काही दिवस रोज चौकशी चालली आहे. हे इथं का, ते तिथं का, एक कागद काढतात, मला विचारतात, परत तिथंच ठेवतात. पुन्हा लावायला घेतलं नाही. बहुतेक एवढ्या दिवसांत होणार नाही म्हणून सोडून दिलं असावं. काल मोठा कागद पसरून त्यावर उतारांचा नकाशा काढला नि पाच रंग भरले. रंग मीच खलून दिले. निळा फार पातळ झाला.

आज टेपाडावरच्या एकट्या ऐनाच्या कागदापाशी आलो. विचारलं, "आणि हा? याला झाडांत घालू की झुडपांत?"

मी म्हटलं, कशातच नको. तो इंदूबाईच्या बिऱ्हाडातला आहे. ती कापते म्हणून तो तसा आहे, आणि तो तसा आहे म्हणून तिचा भात आहे. त्यांची ताटातूट करू नका.

"रानाच्या वर्गात माणूस कसा लिहायचा?"

"मला काय विचारता," म्हटलं. "दिसतो तर लिहा."

टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं. हे एकटे असताना गुणगुणतात, तसे लिहिताना गुणगुणत होते. राग गेला असेल असं वाटलं. गेला तरी काय, वैशाख आला आहे जवळ.

चैत्र शुद्ध एकादशी, शके १८०९

साहेब येऊन गेले. ओटीवर खुर्ची मांडली होती, मी दाराआड. यांनी एकेक गठ्ठा सोडून दाखवला. साहेब आधी मान हलवत होते, मग खुर्ची सोडून खाली सतरंजीवरच बसले. इंग्रजीत बरंच बोलणं झालं. शेवटी साहेबांनी कांडोळ-थोराचा गठ्ठा उचलला, काहीतरी म्हणाले आणि बाजूला ठेवला. यांनी तो उचलून परत ओळीत ठेवला. साहेबांनी पुन्हा बाजूला केला. यांनी पुन्हा ठेवला आणि मोठ्यानं बोलले. यांचा एवढा आवाज मी दहा वर्षांत ऐकला नाही. शिपाईसुद्धा आत डोकावला.

माझ्या पसाऱ्यापायी साहेबांशी भांडण.

साहेब गेल्यावर सांगितलं, बदली झाली. मिरगाआधी नगरकडे जायचं. तिथली रानंही अशीच लावून द्यायची, तीन वर्षांचं काम. "कोरडा मुलूख आहे. सावली नाही, पाणी लांबून आणायचं. नुसत्या बाभळी नि हिवर." माझ्याकडे असं बघितलं, की मी काही बोलावं. मी काय बोलणार. ती मुलगी नवी, तिला तिथं जड जाईल. मी म्हटलं, आमसुलं घेऊन जा, तिकडे मिळत नाहीत. यांचा चेहरा पडला. का पडावा ते कळलं नाही.

वैशाख शुद्ध तृतीया. चौक

सगळं सांगायला हात पुरेना, तरी लिहिते.

सकाळी आबाजी लोधिवलीहून आले. सासूबाईंनी पाट मांडला, मला पन्हं आणायला सांगितलं. मी पन्हं दिलं आणि दाराशी उभी राहिले. पळून जायचं नाही असं ठरवलंच होतं. आबाजींनी उपरण्यातून अक्षता काढल्या नि सासूबाईंपुढं ठेवल्या. "मुलीचं ठरलं, वहिनी. दशमीला लग्न आहे, पेणची मंडळी. तुम्ही सगळ्यांनी यायचं."

सासूबाईंना समजेना. म्हणाल्या, पेणची कशी?

"तुमच्या गोपाळकृष्णपंतांनीच तर जमवलं. माघात स्वतः घरी आले आणि म्हणाले, आबाजी, माझं घर भरलेलं आहे, तुमच्या मुलीला माझ्यापायी ताटकळत ठेवू नका. मग फाल्गुनात आले ते पेणचं स्थळ घेऊनच. माझ्याबरोबर तिथवर आले सुद्धा. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

माझ्या हातात पन्ह्याचं भांडं होतं, ते मी कुठं ठेवलं आठवत नाही.

आबाजी गेल्यावर सासूबाई यांना म्हणाल्या, "मला का सांगितलं नाहीस?"

"धीर झाला नाही," हे म्हणाले. "वाटलं, काम होईपर्यंत तरी तुला आशा राहील. चुकलंच माझं. आता सांगतो. आई, नगरला आम्ही दोघंच जाणार. पुढंही दोघंच."

"कुळ बुडेल रे."

"बुडेल," म्हणाले. अगदी हळू.

सासूबाई न जेवता आतल्या खोलीत जाऊन निजल्या. मी यांना मागच्या अंगणात गाठलं. इतके महिने मनात साठवलेलं सगळं बोलले. पगडी, पेण, वहाणा, सगळं. वहाणांपाशी यांनी मला थांबवलं. "कुणाचं माप?" विचारलं. मी म्हटलं, तिचं. "तिचं म्हणजे कुणाचं?" लोधिवलीच्या मुलीचं, असं सांगितलं तरी यांना उमजेना. खरंच उमजेना. वेड्यासारखे बघत राहिले. नगरच्या काट्यांसाठी म्हणून तिहेरी तळ, साहेबांनी माघातच कानावर घातलं होतं. मग म्हणाले, "मी तुला सोडून कुठं जाईन असं तुला वाटलंच कसं? मला वाटलं, हे तुला सांगावं लागणार नाही."

मी म्हटलं, सांगावं लागतं. माणसानं तोंड उघडून सांगावं लागतं. आणि खूप रडले. विहिरीवर कुणी नव्हतं, नाहीतर गावभर झालं असतं. यांच्याशी पंधरा दिवस बोलणार नाही असं ठरवलं होतं, पण रात्री ताटात भात वाढताना विसरले.

वैशाख शुद्ध चतुर्थी

सासूबाई आजही जेवल्या नाहीत. दुपारी मी पाय चेपायला बसले. पाय ओढून घेतले नाहीत. म्हणाल्या, "माझ्यावर रागावली असशील."

मी म्हटलं, होय.

"मीही रागावले आहे," म्हणाल्या. "तुझ्यावर नाही. कुणावर ते मलाच कळत नाही." मग त्यांना रडू आलं, आणि मलाही. यांचे वडील गेले तेव्हा त्या माझ्याएवढ्याच होत्या आणि पदरात हा एकच मुलगा, हे मला ठाऊक होतं, पण आज त्यांच्या पायांवर हात असताना पहिल्यांदा नीट कळलं. संध्याकाळी मी मऊ भात नि मेतकूट केलं. त्यांनी दोन घास खाल्ले.

वैशाख वद्य पंचमी. दहिवली

बांधाबांध चालली आहे. उद्या निघायचं. सासूबाईंनी चौकहून आमसुलांचा डबा, कुळथाचं पीठ नि मेतकूट पाठवलं आहे, शिवाय निरोप, की तिकडच्या उन्हात डोक्याला कांदा लावत जा, दोघंही. इंदूबाईनं राबाची मूठभर राख पुडीत बांधून दिली. "तिकडं एखादं रोप लावाल, त्याच्या बुडाशी टाका." मालोजीचं रोप टाकायचं आहे, पावसाची वाट बघतो आहे.

आज शेवटचे गठ्ठे पेटीत भरताना कांडोळ-थोराचा हातात आला. मी विचारलं, साहेब यावरून एवढं काय बोलत होते? तेव्हा कुठं सांगितलं. विचारलं म्हणून सांगितलं, नाहीतर जन्मभर पोटात ठेवलं असतं.

साहेबांना बाकी चारी वर्ग पसंत पडले. इंदूबाईचासुद्धा, म्हणाले, असा वर्ग आजवर कुणी पाडला नाही, पण खरा आहे. कुणी लावले विचारलं, तेव्हा यांनी "माझ्या पत्नीनं" असं सांगितलं आणि माझं नावही सांगितलं. परक्या माणसापुढं माझं नाव. पण हा पाचवा काढून टाका, असं त्यांचं म्हणणं. दोनच जाती, खाली रोप नाही, पुढं वाढण्याचं लक्षण नाही. याला वर्ग म्हणता येत नाही, पडीक लिहा.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मी तिथं जाऊन पाहिलं आहे. जिथं माती नाही, पाणी नाही, तिथं ही दोघं एकमेकांच्या आधारानं उभी आहेत. हे पडीक नव्हे. बाकीचे चार काढायचे तर काढा, हा मी काढणार नाही."

मी दोरा पुन्हा घट्ट बांधला. वर चिठ्ठी लावायची राहिली होती. टाक माझ्या हातात दिला नि म्हणाले, तूच लिही, अक्षर तुझं चांगलं झालंय. मी लिहिलं, बिऱ्हाड पाचवं. खाली जातींची नावं लिहिली. मग गठ्ठा पेटीत सगळ्यांच्या वर ठेवला आणि नव्या वहाणा पायांत घालून बघितल्या. माप बरोबर आहे.